घोड्याला षार्ग़, मांजराला विग़्रो'

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या फ्लावरटाउन गावी १९९२ साली ‘क्लिंगॉन लँग्वेज इन्स्टिट्यूट’ सुरू झाली, तेव्हा शिकवायला भाषा होती, पण त्या भाषेत घोडा नव्हता आणि मांजरही नव्हतं.

संस्थापक लॉरेन्स शोएन हे मानसशास्त्राचे अभ्यासक आणि विज्ञानकथालेखक. भाषा मात्र त्यांची नव्हे. १९८४च्या तिसऱ्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटातल्या परग्रहवासी योद्ध्यांसाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने ती घडवली आणि १९८५ साली तिचा कोश काढला. संस्थेने पहिल्यापासून एक सोवळं पाळलं. सभासदांनी व्याकरणावर हवे तेवढे वाद घालावेत, भाषांतरं करावीत, पण पदरचा शब्द घालायचा नाही. नवा शब्द द्यायचा तो ओक्रँड यांनीच.

या शिस्तीवर संस्था उभी राहिली. ‘होलक़ेड’ म्हणजे ‘भाषाविज्ञान’ या नावाचं तिचं त्रैमासिक सुमारे तेरा वर्षं चाललं. १९९४पासून वार्षिक मेळावा भरू लागला. त्याला ‘क़ेपा'’ म्हणतात. १९९६ साली ‘हॅम्लेट’ क्लिंगॉनमध्ये आलं. शेक्सपिअर मुळात क्लिंगॉनच, असा दावा १९९१च्या चित्रपटातलं एक पात्र करतं. सभासदांनी तो थट्टेत, पण नेटाने निभावला.

अडचण खरी व्हायची ती साध्या बोलण्यात. घरच्या मांजराबद्दल काही सांगायचं म्हटलं की वाक्य अडलंच. मग हव्या असलेल्या शब्दांची यादी सभासद ओक्रँड यांच्याकडे पाठवू लागले. तेही भारी गृहस्थ. शब्द मी करत नाही, माल्ट्झ नावाचा क्लिंगॉन मला सांगतो, असं ते म्हणतात. हा माल्ट्झ म्हणजे त्या तिसऱ्या चित्रपटातला युद्धकैदी. आता त्याच्या ग्रहावर जे जनावर नाही, त्याचं नाव तो कुठून आणणार?

वाट निघाली ती साम्यावरून. १९९७च्या ओक्रँड यांच्या पुस्तकात षार्ग़ आला : स्वारीचा प्राणी, आपल्या घोड्यासारखा. विग़्रो' हा मांजरासारखा. अगदीच घोटाळा होत असेल, तर आधी ‘तेरा'’ म्हणजे पृथ्वी हा शब्द जोडावा. आपणही हेच केलं आहे. हिप्पोला पाणघोडा म्हटलं, झेब्रा तसाच उचलला, आणि फारसी मुर्गाचं शहामृग करून पक्ष्यात मृग घुसवला.

उसनवारीची खरी गंमत मात्र अर्थात नाही, आवाजात आहे. विग़्रो' म्हणून बघा. डिस्नेच्या ‘पिनोकिओ’तला फिगारो बोका ऐकू येतो, असं चाहते म्हणतात. मासा तर उघड विनोद आहे. त्याला क्लिंगॉनमध्ये ग़ोति' म्हणतात. इंग्रजी स्पेलिंगची टर उडवणारं एक जुनं कोडं आहे : ‘इनफ’मधला फ, ‘विमेन’मधला इ आणि ‘नेशन’मधला श ज्या अक्षरांनी लिहितात ती ओळीने मांडली, की ‘घोटी’ असं दिसतं आणि उच्चार ‘फिश’ होऊ शकतो. ओक्रँड यांनी ते कोडंच कोशात सोडलं. प्राणी उसना न घेता त्याच्यावरचा विनोद उसना घेणं, हे मला कुठल्याही शास्त्रशुद्ध परिभाषेपेक्षा सरस वाटतं.

पुढे २०१८ साली ड्युओलिंगोवर क्लिंगॉनचा अभ्यासक्रम आला आणि शिकणाऱ्यांना घरबसल्या सोय झाली. शब्दांचा नियम मात्र तोच राहिला.

मराठी माणसाला शिकायची हौस असेल, तर अर्धी तयारी झालेली आहे. या भाषेतला ड टाळूला जीभ लावून म्हणायचा, तो आपल्या तोंडी आहेच. तिचा ष पोटफोड्याच्या जवळचा. सुरुवात ‘हा'डिबाह’पासून करा. अर्थ ‘जनावर’. फक्त माणसाला उद्देशून म्हणू नका. तिथेही ती शिवीच आहे.