‘करलं’ ही चूक आली कुठून?

माणूस दुसरी भाषा कशी शिकतो, याचे सिद्धांत बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांत तयार झाले. आज आपण ते जरा कल्याणला आणून पाहू.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली या कल्याण कॅम्पाचं उल्हासनगर झालं. लिहितावाचता येणाऱ्यांपैकी बहुतेकांची लिपी अरबी वळणाची. तेव्हा मराठी शिकायची ती कानानेच, बाजारात.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे इथे विटगेनस्टाइन आठवतो. मूल भाषा कशी शिकतं, याचं संत ऑगस्टिनने वर्णन केलंय. १९५३ साली निघालेल्या पुस्तकात विटगेनस्टाइनने त्यावर आक्षेप घेतला, की हे मूल तर परमुलखात आलेल्या माणसासारखं दिसतंय, म्हणजे एक भाषा आधीच येणारं! मुलाबाबत आक्षेप रास्तच आहे. पण कॅम्पात उतरलेल्या माणसाला ऑगस्टिनचं वर्णन चपखल बसतं.

मग ही आधीची भाषा मदत करते की आड येते? रॉबर्ट लॅडोने १९५७ साली सांगितलं, दोन भाषा शेजारी मांडा. जिथे फरक, तिथे अडचण. बऱ्याच अंशी खरं आहे ते. सिंधीत लिंगं दोन, मराठीत तीन, म्हणून ‘माझा घर’ ऐकू येतं.

पण ‘मी काम करलं’ याचं काय? हिंदीत ‘करा’ नाही, ‘किया’ होतं; सिंधीतही हे क्रियापद भूतकाळात असंच वाकडं चालतं. म्हणजे ‘करलं’ घरून आलेलं नाही. धर-धरलं, भर-भरलं, मग कर-करलं का नाही? या माणसाने मराठी ऐकून मराठीचाच नियम काढलाय हो! १९६७ साली पिट कॉर्डरने नेमकं हेच मांडलं, की चूक हा शिकणं चालू असल्याचा पुरावा आहे. पुढे १९७२ साली सेलिंकरने या मधल्या, नियमबद्ध भाषेला ‘इंटरलँग्वेज’ म्हटलं. ती कधी कधी अर्ध्यावरच गोठते, हेही त्याने नोंदवलं.

आपल्याकडे ती का गोठते? माझ्या मते, समोरचा अडखळला रे अडखळला की आपण हिंदीवर उडी मारतो, म्हणून. स्टीफन क्रॅशन म्हणतो, समजेल अशी पण एक पायरी वरची भाषा कानावर पडत राहिली पाहिजे, आणि मनात धास्ती नको. व्याकरण शिकवून फारसं साधत नाही, हे त्याचं म्हणणं मात्र मला पटत नाही. मोठ्या माणसाला एकदा नियम सांगितला तर त्याचे कष्ट वाचतात. पण कानावर मराठी पडलीच नाही, तर नियम लावायचा कशाला?

२०२०च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत मराठी सक्तीची झाली. शाळेतल्या मुलांची सोय झाली. त्यांच्या आईबापांची शाळा अजून बाजारच आहे. घरातलं तीन वर्षांचं पोर ‘मी करलं’ म्हणालं, की आपण कौतुकाने म्हणतो, ‘केलंस? शाब्बास!’ त्याला बरोबर रूप मिळतं, बोलणंही पुढे जातं. भाजीवाला ‘करलं’ म्हणाला की आपण हसतो, आणि पुढचा भाव हिंदीत विचारतो.