मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवले, तर गाडी खरंच लवकर थांबते का?

भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात. मग एखादं रील समोर येतं. त्यात मागच्या चाकात चकचकीत डिस्क आणि लाल रंगाचं कॅलिपर दिसतं. कंपनीने पैसे वाचवले म्हणून ड्रम दिले, डिस्क बसवा आणि सेफ व्हा, असं त्यात सांगितलेलं असतं. घरच्यांना घेऊन घाटातून जाणाऱ्याला हे पटतंही.

पण थोडक्यात उत्तर असं आहे की, एका झटक्यात गाडी थांबवायची असेल तर यामुळे फारसा फरक पडत नाही. आणि काम चुकीचं झालं, तर गाडी आधीपेक्षा धोकादायक होते. कसं, ते पाहूया.

ड्रम आणि डिस्कमध्ये फरक काय?

ड्रम ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणाऱ्या बंद डब्यात दोन शू असतात. ब्रेक दाबला की ते आतून बाहेरच्या दिशेने ड्रमवर घासतात. फिरणारा ड्रम त्यातल्या एका शूला स्वतःच आणखी आत ओढून घेतो. त्यामुळे कमी दाबातही ब्रेक चांगला लागतो.

डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपरमधले पॅड फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी पकडतात. इथे ही आपोआप मिळणारी मदत नसते, त्यामुळे दाब जास्त लागतो. पण चकती उघडी असल्याने लवकर थंड होते आणि पाण्यातून गेल्यावर लवकर कोरडीही होते.

ब्रेकचा मुख्य भार पुढच्या चाकांवर

ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक खाली जातं, कारण वजन पुढे सरकतं. एक उदाहरण घेऊ. गाडी 1000 किलोची आहे. उभी असताना पुढच्या चाकांवर 600 आणि मागच्या चाकांवर 400 किलो भार आहे. तिच्या दोन्ही ॲक्सलमधलं अंतर 2.4 मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची 55 सेंटिमीटर धरली, तर कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारल्यावर साधारण 180 किलो भार पुढे जातो. म्हणजे मागे उरतात जेमतेम 220 किलो.

एवढ्या कमी भारावर मागचे टायर रस्त्याला फार घट्ट धरूच शकत नाहीत. तेवढं काम चांगल्या स्थितीतला ड्रम आरामात करतो. जोरात ब्रेक दाबल्यावर पेडलखाली थरथर जाणवून एबीएस सुरू होत असेल, तर अडचण ब्रेकच्या ताकदीची नाही. तिथे टायरची पकड संपलेली असते. फोक्सवॅगनने आयडी.3 आणि आयडी.4 या इलेक्ट्रिक गाड्यांनाही मागे ड्रमच दिले आहेत.

नुसती डिस्क बदलून का भागत नाही?

- पुढचा-मागचा समतोल: मागच्या चाकांना किती दाब द्यायचा, हे कंपनीने मूळ ब्रेकप्रमाणे ठरवलेलं असतं. मागची चाकं पुढच्याआधी लॉक झाली, तर गाडी मागून फिरते. पावसाळ्यात आणि वळणावर हे जीवघेणं ठरू शकतं.
- मास्टर सिलिंडर: कॅलिपरला ब्रेक ऑइल जास्त लागत असेल आणि मास्टर सिलिंडर तोच ठेवला, तर पेडल खोल जातं.
- हँडब्रेक: ड्रममध्ये केबल शू ओढते. डिस्कसाठी हँडब्रेकची सोय असलेलं कॅलिपर किंवा डिस्कच्या आत छोटा ड्रम लागतो. ते नसेल, तर गाडी चढावर उभी करायची कशी?
- एबीएस: भारतात एप्रिल 2019 पासून नव्या कार्सना एबीएस सक्तीचं आहे. त्याचा सेन्सर आणि त्याचं गणित मूळ ब्रेकवर बसवलेलं असतं.
- चाकाचा आकार: लहान रिममध्ये कॅलिपर घासू शकतं.

मग डिस्कचा फायदा कुठे होतो?

पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक लावल्यावर. लांब उतारावर ड्रम तापतो आणि ब्रेकची पकड कमी होते. डिस्क हा ताप जास्त काळ सहन करते. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने मागे डिस्क दिली असेल, तर तिथले हब, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, केबल आणि एबीएस असा पूर्ण संच जुळवणं हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग आहे. जुगाड मात्र नको.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हे कलम कडकपणे लागू केलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे कामाआधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा. अपघातानंतर क्लेम अडकला, तर गॅरेजवाला मदतीला येणार नाही.

पैसे घालण्याआधी हे करून बघा

1. टायर झिजले किंवा कडक झाले असतील तर बदला. थांबण्याच्या अंतरात सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.
2. पुढचे पॅड आणि डिस्क तपासून घ्या.
3. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ते साधारण दर दोन वर्षांनी किंवा मॅन्युअलप्रमाणे बदला.
4. मागचे ड्रम उघडून साफ करा, शू ॲडजस्ट करा आणि व्हील सिलिंडर गळत नाही ना, ते पाहा.
5. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. न्यूट्रलमध्ये तर कधीच उतरू नका.

एवढं करूनही ब्रेक कमी वाटले, तर डिस्कचा विचार जरूर करा. पण बरेचदा दोष ड्रममध्ये नसतो. तो वर्षानुवर्षं कुणी उघडूनच पाहिलेला नसतो.