सोळा आणे पीक कोणीं ठरवावें?

लातूर व नांदेड या जिल्ह्यांत सोयाबीनच्या शेंगा भरूं लागल्या कीं एक जुना प्रश्न पुन्हां उभा राहतो: यंदा पीक किती आलें, आणि तें ठरवावें कोणीं? प्रश्न दिसावयास साधा. परंतु शेतसाऱ्याची सूट काय अथवा विम्याची भरपाई काय, दोन्ही त्याच्याच उत्तरावर अवलंबून राहत आलीं आहेत.

पूर्वीं हें उत्तर नजर देत असे. उत्तम पीक म्हणजे सोळा आणे असें मानून पाहणी करणारा अंमलदार शिवारावर दृष्टि फिरवी व पीक आठ आणे कीं सहा आणे तें सांगे. हीच आणेवारी, १९५७ सालीं दशमान नाणीं आल्यावर तिचीच पैसेवारी झाली. या पद्धतीचा दोष केवळ लबाडींत नव्हता. सारा घेणाऱ्याच्या डोळ्यास पीक एक दिसे, देणाऱ्याच्या डोळ्यास दुसरें. आणि दोघेही प्रामाणिक असूं शकत.

संख्याशास्त्रानें यावर तोडगा सुचविला तो असा कीं, निवड माणसाच्या हातून काढून घ्यावी. डॉ. विनायक गोविंद पानसे यांनीं १९४२-४३ सालीं वऱ्हाडांतील अकोला जिल्ह्यांत कापसाच्या उत्पन्नाचा अंदाज याच रीतीनें बांधला. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं ती गहूं व भात यांस लावली. गांव कोणतें, शेत कोणतें, हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें अंकांच्या कोष्टकावरून निघावें. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून किती पावलें जावयाचें तेंही अंकांनींच सांगावें. तेथें खुंट्या रोवून दोरी ताणावयाची, आंतील पीक कापून, मळून तोलावयाचें. अंकाला ना साऱ्याची चिंता, ना भरपाईची आशा.

तुकडा केवढा असावा, यावर सुखात्मे व कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनवीस यांचा मोठा वाद झाला. लहान तुकड्याचें काम स्वस्त. परंतु दोरीवरचीं रोपें कापणारा नकळत आंत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितका कडेचा वांटा मोठा. त्यामुळें उत्पन्न फुगून दिसतें, हें सुखात्मे यांनीं प्रयोगानें दाखविलें.

१९७६ सालीं पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनीं पुढचें पाऊल सुचविलें. प्रत्येक शेत मोजणें अशक्य. तेव्हां एका परिसराचें सरासरी उत्पन्न मोजावें व त्यावरून तेथील सर्व विमेदारांस सारख्या प्रमाणांत भरपाई द्यावी. २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेंतही मुख्य तत्त्व हेंच आहे. मागील ७ वर्षांतील उत्तम ५ वर्षांची सरासरी समजा हेक्टरीं १,५०० किलो आली. तिचे ७० टक्के, म्हणजे १,०५० किलो, हें उंबरठा उत्पन्न. यंदा महसूल मंडळाची सरासरी ८४० किलो भरली, तर तूट २१० किलोंची, म्हणजे २० टक्के. ५०,००० रुपयांच्या विम्यावर भरपाई १०,००० रुपये.

म्हणून नांदेडच्या एखाद्या शेतांत दोरी हातभर सरकली, तर ती एका शेताची चूक राहत नाहीं. सबंध मंडळाच्या पदरांत ती पडते. प्रयोग चौपट केले तर अंदाजांतील अनिश्चितता निम्म्यावर येते. पण वांकड्या मनानें निवडलेले तुकडे कितीही वाढविले तरी अंदाज सरळ होत नाहीं.

सरासरीलाही मर्यादा आहे. ज्याच्या एकट्याच्या रानांत पाणी शिरलें, त्याचें दुःख मंडळाच्या आंकड्यांत बुडून जातें. त्याकरितां स्वतंत्र पंचनामाच हवा. परंतु बहुतांचा न्याय जेथें करावयाचा, तेथें अंमलदाराच्या नजरेपेक्षां निष्पक्ष अंक व नीट ताणलेली दोरी हींच शेतकऱ्याचीं खरीं साक्षीदार होत. आणि कापणीच्या दिवशीं बांधावर उभें राहून ती दोरी पाहणें हा त्याचा हक्क आहे.