ब्लॅक सॅबथ (अल्बम)

'ब्लॅक सॅबथ' हा याच नावाच्या इंग्लिश रॉक संगीतसमूहाचा पहिला अल्बम आहे. तो १३ फेब्रुवारी १९७० रोजी व्हर्टिगो या कंपनीने ब्रिटनमध्ये प्रकाशित केला. त्यातील जवळजवळ सर्व वादन व गायन १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनमधील रीजंट साउंड स्टुडिओत एकाच दिवसात ध्वनिमुद्रित झाले होते. प्रकाशनाच्या वेळी अनेक समीक्षकांनी अल्बमवर कठोर टीका केली. श्रोत्यांनी मात्र तो मोठ्या प्रमाणावर विकत घेतला. हेवी मेटल या संगीतप्रकाराचा आरंभबिंदू म्हणून आज सर्वाधिक उल्लेख याच अल्बमचा होतो.

पार्श्वभूमी

गिटारवादक टोनी आयोमी, गायक ऑझी ऑस्बर्न, बेसवादक गीझर बटलर आणि ड्रमवादक बिल वॉर्ड हे चौघेही बर्मिंगहॅम शहरातील ॲस्टन या कामगारवस्तीत वाढले. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांच्या खुणा त्यांच्या बालपणी या भागात शिल्लक होत्या आणि बहुतेक कुटुंबांचा उदरनिर्वाह कारखान्यांवर चालत असे. ऑस्बर्न यांनी कत्तलखान्यासह अनेक ठिकाणी काम केले होते व घरफोडीच्या गुन्ह्यासाठी काही आठवड्यांचा तुरुंगवासही भोगला होता.

आयोमी धातूच्या पत्र्यांच्या कारखान्यात काम करत असत. १७ वर्षांचे असताना, नोकरीच्या अखेरच्या दिवशी, त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोके यंत्रात सापडून तुटली. आयोमी डावखुरे असल्याने उजव्या हाताची हीच बोटे ते गिटारच्या तारा दाबण्यासाठी वापरत. वादन संपले असे त्यांना वाटू लागले होते. तेव्हा कारखान्यातील एका वरिष्ठाने त्यांना जँगो राइनहार्ट या जिप्सी जॅझवादकाची ध्वनिमुद्रिका ऐकवली. आगीत हात भाजल्यामुळे राइनहार्ट डाव्या हाताच्या मुख्यतः दोनच बोटांनी वादन करत असत. त्यानंतर आयोमी यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली व त्यांवर चामडे लावले. कडक तारा दाबणे कठीण जात असल्याने त्यांनी बँजोच्या पातळ तारा गिटारला बसवल्या, कारण गिटारसाठी तशा तारांचे संच त्या काळी सहज मिळत नसत.

१९६८ मध्ये हे चौघे एकत्र आले. प्रारंभी 'पोल्का टल्क ब्लूज बँड' आणि नंतर 'अर्थ' या नावाने ते ब्लूज सादर करत. त्याच वर्षाच्या अखेरीस आयोमी काही काळ जेथ्रो टल या समूहात गेले, मात्र लवकरच परतले. त्या समूहातील शिस्तीचा आपल्यावर परिणाम झाल्याचे त्यांनी नंतर सांगितले. परतल्यावर सकाळपासून नियमित सराव सुरू झाला. जर्मनीतील हँबुर्ग येथील स्टार क्लबमध्ये समूहाला एका दिवसात अनेक कार्यक्रम करावे लागत. तेवढा वेळ भरून काढण्यासाठी गाणी लांबवणे व रंगमंचावरच नवे तुकडे रचणे त्यांच्या अंगवळणी पडले.

'अर्थ' नावाचा दुसरा समूह अस्तित्वात असल्याचे लक्षात आल्यावर १९६९ मध्ये नाव बदलण्यात आले. मारियो बाव्हा दिग्दर्शित, बोरिस कार्लोफ यांची भूमिका असलेल्या एका भयपटाच्या इंग्लिश शीर्षकावरून 'ब्लॅक सॅबथ' हे नाव घेण्यात आले. लोक भय अनुभवण्यासाठी पैसे देऊन चित्रपट पाहतात, तर तसेच संगीत का असू नये, हा विचार या बदलामागे होता.

ध्वनिमुद्रण

अल्बमचे निर्माते रॉजर बेन व ध्वनी अभियंता टॉम ॲलम होते. समूहाकडे पैसा व वेळ दोन्ही मर्यादित होते. त्यामुळे नेहमीच्या कार्यक्रमात वाजवली जाणारी गाणी त्याच पद्धतीने वाजवून नोंदवण्यात आली. आयोमी, बटलर व वॉर्ड एकत्र वाजवत असताना ऑस्बर्न स्वतंत्र कक्षात गात होते. बहुतेक गाणी दुसऱ्यांदा वाजवण्याची संधी मिळाली नाही. काही ठिकाणी गिटारचा दुसरा थर जोडण्यात आला, तर शीर्षकगीताच्या प्रारंभी ऐकू येणारे पाऊस, मेघगर्जना व घंटेचे आवाज नंतर घालण्यात आले.

आयोमी तोपर्यंत फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार वाजवत असत. ध्वनिमुद्रणादरम्यान तिच्यात बिघाड झाल्याने त्यांनी राखीव म्हणून आणलेली गिब्सन एसजी हाती घेतली. पुढे हीच गिटार त्यांची ओळख बनली. स्ट्रॅटोकास्टरचा आवाज 'विकेड वर्ल्ड' या गाण्यात ऐकू येतो.

संगीत

अल्बमची पायाभरणी ब्लूजवर आहे. 'वॉर्निंग' आणि 'द विझार्ड' यांमध्ये ती स्पष्ट जाणवते. 'द विझार्ड'मध्ये ऑस्बर्न यांनी हार्मोनिका वाजवली आहे. वॉर्ड यांच्या ड्रमवादनावर जीन क्रूपा यांच्यासारख्या जॅझवादकांचा प्रभाव होता. पूर्वी गिटार वाजवणारे बटलर अनेक ठिकाणी स्वतंत्र बेस न वाजवता गिटारचीच धून खालच्या सप्तकात वाजवतात. त्यामुळे केवळ दोन तंतुवाद्ये असूनही आवाज भरीव होतो. 'एन.आय.बी.'चा प्रारंभ बटलर यांच्या एकल बेसवादनाने होतो.

या ब्लूजपासून सर्वांत दूर जाणारी रचना म्हणजे शीर्षकगीत. त्याचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा स्वरसमूह, अवघ्या तीन स्वरांचा आहे. भारतीय संगीताच्या परिभाषेत त्याचे वर्णन असे करता येईल: प्रथम षड्ज, नंतर तार षड्ज आणि त्यानंतर दोहोंच्या बरोबर मध्ये असलेला तीव्र मध्यम. अतिसंथ लयीत तीव्र मध्यमावर स्वर कंपित होत राहतो. यमन किंवा मारवा रागात तीव्र मध्यम अस्वस्थ करणारा मानला जात नाही. परंतु षड्ज व तीव्र मध्यम यांतील सहा अर्धस्वरांचे अंतर युरोपीय स्वरसंवादाच्या परंपरेत विसंवादी गणले जाई. त्याला 'डायाबोलस इन म्युझिका', म्हणजे 'संगीतातील सैतान', असे लॅटिन नाव मिळाले. मध्ययुगीन चर्चने या स्वरांतरावर बंदी घातली होती, अशी कथा या गाण्याच्या संदर्भात वारंवार सांगितली जाते. तिला ठोस ऐतिहासिक आधार नाही. समूहातील सदस्यांच्या सांगण्यानुसार या रिफची कल्पना अधिक साध्या मार्गाने आली: बटलर हे गुस्ताव्ह होल्स्ट यांच्या 'द प्लॅनेट्स' या वाद्यवृंदरचनेतील 'मार्स' हा भाग वाजवून पाहत होते व आयोमी यांनी त्यावरून स्वतःची धून रचली.

बोटांवरील ताण कमी करण्यासाठी गिटारच्या तारा सैल करून खालच्या स्वरात लावण्याची पद्धत आयोमी यांच्या नावाशी जोडली जाते. मात्र या अल्बममध्ये गिटार नेहमीच्या स्वरातच लावलेली आहे. तारा लक्षणीयरीत्या खाली उतरवण्याचा प्रयोग १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या तिसऱ्या अल्बममध्ये ठळकपणे आला. पहिल्या अल्बमचा जडपणा लय, रिफ आणि ध्वनीची तीव्रता यांतून निर्माण झाला आहे.

गीतांचे विषय

शीर्षकगीतामागे बटलर यांनी सांगितलेला एक अनुभव आहे. गूढविद्येविषयीच्या वाचनाच्या काळात एका रात्री जाग आल्यावर पलंगाच्या पायथ्याशी काळी आकृती उभी दिसल्याचे त्यांनी ऑस्बर्न यांना सांगितले. त्यावरून ऑस्बर्न यांनी शब्द लिहिले. गाण्यातील निवेदक सैतानाचा गौरव करत नाही. तो घाबरलेला असून देवाकडे मदतीची याचना करतो.

'एन.आय.बी.'मध्ये सैतान स्वतः प्रेमात पडतो व बदलू पाहतो. शीर्षकातील आद्याक्षरांना धर्मविरोधी अर्थ असल्याची समजूत प्रचलित झाली. प्रत्यक्षात वॉर्ड यांची दाढी टाकाच्या निबसारखी दिसते, या थट्टेतून हे नाव आल्याचे बटलर यांनी स्पष्ट केले आहे. 'द विझार्ड'ची प्रेरणा जे.आर.आर. टॉल्किन यांच्या गँडाल्फ या पात्रापासून, तर 'बिहाइंड द वॉल ऑफ स्लीप'ची एच.पी. लव्हक्राफ्ट यांच्या कथेपासून घेतलेली आहे. 'विकेड वर्ल्ड' युद्ध, राजकारण व दारिद्र्य यांविषयी आहे.

मुखपृष्ठ

मुखपृष्ठाचे छायाचित्र कीथ मॅकमिलन यांनी ऑक्सफर्डशायरमधील मेपलडरम येथील पाणचक्कीपाशी घेतले. काळा झगा घातलेली स्त्री झाडाझुडपांत उभी आहे. अवरक्त किरणांना संवेदनशील असलेल्या फिल्ममुळे परिसराला अनैसर्गिक गुलाबी-करडी छटा आली आहे. आवरणाच्या आतील बाजूस उलटा क्रूस छापण्यात आला होता. तो समूहाला न विचारता घातला गेल्याचे सदस्यांनी नंतर सांगितले. या क्रूसामुळे समूह सैतानपूजक असल्याचा समज बळावला. प्रत्यक्षात बटलर कॅथलिक कुटुंबात वाढले होते, आणि चौघे गळ्यात घालत असलेले धातूचे पहिले क्रूस ऑस्बर्न यांच्या वडिलांनी बनवून दिले होते.

प्रकाशन व विक्री

जानेवारी १९७० मध्ये 'ईव्हिल वुमन' हे गाणे स्वतंत्रपणे प्रकाशित झाले. क्रो या अमेरिकन समूहाचे हे गाणे खपाच्या दृष्टीने निवडण्यात आले होते. ते यशस्वी झाले नाही. त्यानंतर आलेला अल्बम मात्र ब्रिटिश खपाच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सने तो जून १९७० मध्ये प्रकाशित केला. तेथे त्याने २३ वा क्रमांक गाठला व वर्षभराहून अधिक काळ यादीत स्थान टिकवले. अमेरिकन आवृत्तीत 'ईव्हिल वुमन'ऐवजी 'विकेड वर्ल्ड'चा समावेश होता.

समीक्षा

'रोलिंग स्टोन' नियतकालिकात लेस्टर बँग्ज यांनी अल्बमची तुलना क्रीम या समूहाशी करून तो त्याची निकृष्ट आवृत्ती असल्याचा निर्वाळा दिला. रॉबर्ट ख्रिस्टगाऊ यांचे मतही प्रतिकूल होते. वादनकौशल्य, स्वररचनेतील वैविध्य व आशयाची प्रगल्भता या तत्कालीन निकषांवर एकाच रिफची संथ पुनरावृत्ती त्यांना उणीव वाटली. नंतरच्या श्रोत्यांनी व वादकांनी हीच पुनरावृत्ती नव्या शैलीचे लक्षण मानली. पुढे 'रोलिंग स्टोन'नेच आपल्या ५०० सर्वोत्कृष्ट अल्बमच्या यादीत या अल्बमचा समावेश केला.

प्रभाव

हा पहिला हेवी मेटल अल्बम आहे का, याविषयी मतभेद आहेत. ब्लू चीअर, लेड झेपलिन व डीप पर्पल यांनी १९६८-६९ मध्येच तीव्र आवाजाचे रॉक संगीत प्रकाशित केले होते. ब्लॅक सॅबथच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद असा की, विसंवादी रिफ, संथ व जड लय आणि भयाचे वातावरण हे तिन्ही घटक शीर्षकगीतात प्रथमच एकत्र आले. डूम मेटल ही उपशैली तर थेट या गाण्यापासून सुरू झाल्याचे मानले जाते.

अल्बमच्या निर्मितीत सहभागी असलेल्यांचा वाटाही पुढे चालू राहिला. बर्मिंगहॅमच्याच जुडास प्रीस्ट या समूहाच्या 'रोका रोला' (१९७४) या पहिल्या अल्बमचे निर्माते बेन होते, तर त्याच समूहाच्या 'ब्रिटिश स्टील'ची (१९८०) निर्मिती ॲलम यांनी केली. १९९४ मध्ये विविध समूहांनी ब्लॅक सॅबथला वाहिलेल्या मानवंदनेच्या अल्बमला 'नेटिव्हिटी इन ब्लॅक' असे नाव देण्यात आले, 'एन.आय.बी.'विषयीची चुकीची समजूतच येथे शीर्षक बनली.

५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधील व्हिला पार्क मैदानावर मूळ चारही सदस्यांनी अखेरचा एकत्रित कार्यक्रम केला. त्यात सादर झालेल्या मोजक्या गाण्यांत या अल्बममधील 'एन.आय.बी.' होते. त्यानंतर २२ जुलै २०२५ रोजी ऑस्बर्न यांचे निधन झाले.

गाण्यांची यादी (मूळ ब्रिटिश आवृत्ती)

पहिली बाजू
१. ब्लॅक सॅबथ
२. द विझार्ड
३. बिहाइंड द वॉल ऑफ स्लीप
४. एन.आय.बी.

दुसरी बाजू
५. ईव्हिल वुमन (मूळ सादरीकरण: क्रो)
६. स्लीपिंग व्हिलेज
७. वॉर्निंग (मूळ सादरीकरण: द एन्स्ली डनबार रिटॅलिएशन)

कलाकार व तंत्रज्ञ

ऑझी ऑस्बर्न – गायन, हार्मोनिका
टोनी आयोमी – गिटार
गीझर बटलर – बेस
बिल वॉर्ड – ड्रम
रॉजर बेन – निर्मिती; 'स्लीपिंग व्हिलेज'मध्ये मोरचंगसदृश वाद्य
टॉम ॲलम – ध्वनी अभियंता
कीथ मॅकमिलन – मुखपृष्ठाचे छायाचित्र