बशीचे नाव आणि जेलीचे श्रेय

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या प्रात्यक्षिकात मी विहिरीच्या पाण्याचा थेंब पेट्री डिशमधल्या अगारवर पसरला. दुसऱ्या दिवशी त्यावर ठिपके उमटले. एकेक ठिपका म्हणजे जिवाणूंची वसाहत. ते मोजून पाण्याच्या शुद्धतेचा अंदाज बांधायचा. हे अगार म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले चायना ग्रास, हे मला पुष्कळ उशिरा समजले.

१८८१च्या सुमारास जर्मनीत डॉ. वाल्टर हेसे हवेतील जिवाणूंचा अभ्यास करीत होते. त्यासाठी वापरलेले जिलेटिन उन्हाळ्यात वितळे. काही जिवाणूही ते पातळ करीत. त्यांच्या पत्नी फॅनी घरी जेली करताना समुद्रशेवाळाचे अगार वापरीत. तेच वापरून पाहा, असे त्यांनी सुचवले. एकदा गोठलेले अगार ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही. अडचण सुटली.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२च्या क्षयरोगावरील निबंधात अगारचा उल्लेख केला. हेसे दांपत्याचा केला नाही. १८८७मध्ये आलेल्या झाकणाच्या बशीला मात्र पेट्री यांचे नाव मिळाले.

माझ्या प्रात्यक्षिकाच्या वहीत कॉख आहेत, पेट्री आहेत. फॅनीबाईंचे नाव मी पुढे स्वतःच्या हाताने लिहिले.