डिकी, दिवा आणि दोन किल्ल्या

आमच्या बँकेच्या स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या. एक साहेबांकडे, दुसरी हेडकॅशियरकडे. दोघांमध्ये अबोला असला तरी दार मात्र जोडीनंच उघडावं लागतं! अशा वातावरणात उमेदवारी केलेल्या माणसानं किल्लीच नसलेल्या डिकीचा इतिहास वाचला, तर तो गार पडणारच.

इतिहास कॅलिफोर्नियातला आहे. १९४५ साली महायुद्ध संपलं आणि सैन्यातली पोरं घरी परतली. खिशात चार डॉलर, हातात यंत्रांची जाण, आणि दारात युद्धाआधीची, टप उघडणारी एखादी जुनी फोर्ड नाहीतर मर्क्युरी. आपण काय केलं असतं? गाडी धुऊन पुढं लिंबू-मिरची बांधली असती. या पोरांनी डिकीची मूठच काढून टाकली! भोकं वेल्डिंगनं बुजवली, वर शिसं थापून कानशीनं पत्रा असा गुळगुळीत केला की माशी बसली तर घसरावी. अशा गाड्यांना पुढे 'लेड स्लेड', म्हणजे शिशाची घसरगाडी, असं नावही पडलं.

मग डिकी उघडायची कशी? तर आत एक सोलेनॉइड, म्हणजे तारेचं वेटोळं बसवायचं. बटण दाबलं की वीज वाहते, लोखंडी दांडा ओढला जातो, खटका सुटतो. तिळा तिळा दार उघड! मात्र बॅटरी उतरली, की तीळही उघडत नाही आणि डिकीही. म्हणून शहाणी माणसं एक साधी तार गुपचूप बाहेर काढून ठेवत. आमच्या भाषेत डुप्लिकेट किल्ली.

मागच्या दिव्यांचं तर विचारूच नका. याच्या गाडीला १९३९ च्या फोर्डचे आसवाच्या थेंबासारखे दिवे, त्याच्या गाडीला १९५९ च्या कॅडिलॅकचे बंदुकीच्या गोळीसारखे. पोरं वेडी म्हणावीत, तर कंपन्या तरी कुठं शहाण्या? १९४१ च्या कॅडिलॅकमध्ये पेट्रोल भरायचं तोंड डाव्या मागच्या दिव्याखाली लपवलं होतं. आणि १९६८ च्या उघड्या टपाच्या शेल्बी मस्टँगला चक्क १९६५ च्या थंडरबर्डचे दिवे लावले. वळताना आतून बाहेर एकेक पेटत जाणारे. म्हणजे पोरं गल्लीत करत होती, तेच कंपनीनं कारखान्यात केलं.

हा खटाटोप कशासाठी? ते मला माझ्या सेकंडहँड स्कूटरनं शिकवलं. बँकेबाहेर तशाच वीस करड्या स्कूटरी उभ्या असत. एकदा तर माझ्या किल्लीनं दुसऱ्याचीच स्कूटर सुरू झाली! त्याच संध्याकाळी मिस्त्रीकडून मागं एक भलामोठा गोल लाल दिवा बसवून घेतला. आप्पा म्हणाले, "पैसे वर आलेत का रे?"

पुढे सहामाही हिशेबाच्या दिवसांत पहाटे अंधारातच निघावं लागे. एकदा आई सहज बोलून गेली, "हे गॅलरीत उभे असतात. म्हणतात, नाक्यापर्यंत त्याचा दिवा ओळखू येतो."

आज आप्पा नाहीत, स्कूटरही नाही. दिवा तेवढा ठेवलाय, कपाटात. त्या कपाटाची किल्ली मात्र एकच आहे आणि ती माझ्याकडे असते.