हेडर, बर्टा व एल्मर

(बर्टा हॉर्नर हेडर : सु. १८९०–१९७६, एल्मर स्टॅनली हेडर : १८८९–१९७३). अमेरिकन बालसाहित्यकार व चित्रकार दांपत्य. बर्टाचा जन्म मेक्सिकोत अमेरिकन मातापित्यांच्या पोटी झाला. तिचे जन्मवर्ष काही ठिकाणी १८९० तर काही ठिकाणी १८९१ असे आढळते. एल्मर हा कॅलिफोर्नियातील पाहारो गावचा. सॅन फ्रान्सिस्को व पॅरिस येथे त्याने चित्रकलेचे शिक्षण घेतले. उभयतांचा विवाह १९१९ मध्ये झाला. त्यांचा मुलगा बालपणीच वारला.

विवाहानंतर हडसन नदीच्या काठी, नायॅकनजीक ग्रँड व्ह्यू येथे जमीन घेऊन त्यांनी स्वतःच्या हातांनी दगडी घर बांधले आणि त्याला ‘विलो हिल’ असे नाव दिले. नियतकालिकांतील बालविभागांसाठी चित्रे काढून येणाऱ्या तुटपुंज्या मिळकतीतून हे काम वर्षानुवर्षे चालले होते. पुढे त्या बांधकामाचाच वृत्तांत द लिटल स्टोन हाउस (१९४४) या पुस्तकाचा विषय झाला. घराच्या आवारातील खारी, हरणे व पक्षी हेच त्यांच्या पुष्कळशा कथांचे नायक आहेत, आणि ज्या द बिग स्नो (१९४८) या पुस्तकास चित्रपुस्तकांसाठीचे १९४९ चे कॅल्डिकॉट पदक मिळाले, त्यातही बर्फात उपाशी पडलेल्या प्राण्यांना दाणा घालणारे वृद्ध जोडपे येते. तत्पूर्वी कॉक-अ-डूडल-डू (१९३९) व द मायटी हंटर (१९४३) या पुस्तकांनाही त्याच पदकाच्या संदर्भात सन्मान लाभला होता.

पदकाच्या कीर्तीपुढे त्यांच्या अश्वकथा मागे पडल्या, हे न्याय्य झाले नाही. स्पंकी (१९३३) ही शेटलंड तट्टाची कथा. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या, वादळी वाऱ्याच्या बेटांवर वाढणारी ही बुटकी, दाट केसांची जात साधारणपणे ४२ इंचांहून उंच नसते; आणि १८४२ च्या कायद्याने स्त्रियांना व लहान मुलांना ब्रिटनच्या कोळसाखाणींत उतरविण्यास मनाई झाल्यावर, अरुंद बोगद्यांतून गाड्या ओढण्याचे काम या मुक्या जनावरांच्या माथी आले. स्पंकीनंतर पुढच्याच वर्षी आलेल्या मिजेट अँड ब्रिजेट या पुस्तकात ओझ्याच्या दोन गाढवांना नायकपद मिळाले. लिटल अ‍ॅपलूसा (१९४९) हे पुस्तक घोड्यांच्या ज्या ठिपकेदार जातीवर आहे, ती वायव्य अमेरिकेतील नेझ पर्स लोकांनी जोपासलेली. १८७७ च्या युद्धातील त्यांच्या पराभवानंतर तिची वाताहत झाली आणि तिच्या जतनासाठी १९३८ मध्ये संस्था स्थापन झाली. पुठ्ठ्यावर पांघरुणासारखा पांढरा पट्टा व त्यावर गडद ठिपके, उभ्या रेघांचे खूर आणि बुबुळाभोवती माणसासारखा दिसणारा पांढरा भाग, ही तिची लक्षणे चित्रकाराच्या डोळ्यास मोह घालणारीच होत.

मुखपृष्ठावर उभयतांची नावे लेखक व चित्रकार अशा दोन्ही नात्यांनी जोडीने येतात. एल्मर मूळचा निसर्गचित्रकार आणि बर्टा सूक्ष्मचित्रांत निष्णात, तरीही एखाद्या पानावरील रेषा व वाक्य यांचा वाटा पतीचा किती आणि पत्नीचा किती, हे ठरविण्याचे साधन नाही. किंबहुना तसे ठरविण्याची आवश्यकताही प्रस्तुत लेखकास वाटत नाही. एकूण सत्तरांहून अधिक बालपुस्तके त्यांनी चित्रित केली आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा मजकूरही त्यांचाच आहे.

जॉन स्टाइनबेकच्या द ग्रेप्स ऑफ रॅथ (१९३९) या कादंबरीचे वेष्टनचित्र एल्मरचे. लॉरा इंगल्स वाइल्डरच्या पहिल्या पुस्तकाचे हस्तलिखित प्रकाशकांपर्यंत पोहोचविण्याच्या कामी बर्टाने साह्य केले. वाइल्डरची कन्या रोझ ही बर्टाची मैत्रीण होती.

हेडर दांपत्याच्या कागदपत्रांचे दप्तर ऑरेगन विद्यापीठाच्या संग्रहात आहे.